कोष थांबत नाही

आमच्या भागात कापूस घरात भरून ठेवायची जुनी रीत आहे. दर पडला की शेतकरी बैठकीत, माजघरात, पलंगाखाली, जागा सापडेल तिथं कापूस कोंबतो आणि वाट पाहतो. पोरं त्यावर लोळतात, अंगाला खाज सुटते, घरच्या बाईची बोलणी बसतात, पण कापूस थांबतो. संक्रांतीला विकला काय अन् अक्षय्य तृतीयेला विकला काय, तो कापूसच राहतो. कोषाचं तसं नाही. अळीनं कोष विणायला घेतला की पाचव्या-सहाव्या दिवशी तो चंद्रिकेवरून, म्हणजे कोष विणायला दिलेल्या जाळीवरून, काढायचा, आणि तिथून पुढं हातात जेमतेम आठवडा. तेवढ्यात विकला किंवा वाळवला नाही, तर आतला पतंग भोक पाडून बाहेर येतो आणि हजारभर मीटर सलग धागा देणारा कोष कातण्यापुरता उरतो. रेशमाच्या धंद्यात न्याय-अन्याय म्हणून जे काही घडतं, त्यातलं निम्मं या आठवड्यात घडून गेलेलं असतं. या पुस्तिकेची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मनात पहिल्यांदा तोच आठवडा आला.

पुस्तिका आहे रेशमाचे स्कार्फ, उपरणी, बटवे, पोटल्या, टाय, केसांचे बो असला बारीकसारीक माल करून विकणाऱ्यांसाठी. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं काम चालतं. सहा बाया, दोन शिलाई मशीन, एक इस्त्री, रंगासाठी मागच्या अंगणात दोन गंज आणि एक चूल. माग माझ्याकडे नाही, कापड विणून घेते. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं आणि परदेशात राहणारी आपलीच माणसं फोनवर एक प्रश्न विचारतात: हे इथिकल आहे का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल केलं हे आपल्यालाच माहीत नाही.

मराठीत ‘नैतिक रेशीम’ म्हणून पाहिलं, तर शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवला. आमच्या बाजारात यासाठी शब्द आहे तो ‘चोख’. चोख माल, चोख वजन, चोख माणूस. चोख म्हणजे ज्याला मागचं विचारलं तर सांगता येतं. कापड कुठून आलं, धागा कोणी काढला, कोष कोणाच्या शेडमधले, पैसे कधी पोचले. एवढी चार उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्यानं स्वतःला इथिकल म्हणवलं नाही तरी चालेल, आणि नाहीत त्यानं खोक्यावर पानाचं हिरवं चित्र छापूनही उपयोग नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न नवा नाही, माल तेवढा नवा आहे. १८५३ साली निजामाच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर आणि कापसावर होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडे भाव आभाळाला भिडला. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रूळ आले. तोवर लढाई संपली होती, भाव उतरला होता, सावकाराचं देणं मात्र तसंच होतं. त्यानंतर पिढ्यान्पिढ्या आम्ही कापूस पिकवला आणि कापड विकत घेतलं. आता रेशमासाठी लावलेल्या तुतीचंही तेच होऊ घातलंय. कोष इथं पिकतो, मोठा बाजार कर्नाटकात रामनगरला, म्हणजे इथून हजार किलोमीटरच्याही पलीकडे. पोत्यांत भरलेले जिवंत कोष रात्रंदिवस प्रवास करतात, उष्णतेनं गुदमरतात, वजन घटतं. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हापासून रस्ता निम्म्याहून कमी झाला, ही मोठी सोय. तरीही कोष तिकडे जातो, धागा कुठेतरी निघतो, कापड आणखी कुठेतरी विणलं जातं आणि अमरावतीच्या दुकानात ते ‘बंगलोर सिल्क’ म्हणून परत येतं.

तुती आमच्या तालुक्यात कापसाइतकी जुनी नाही. राज्याचं रेशीम संचालनालय १९९७ साली नागपूरला झालं. पुढं रोजगार हमीतून लागवडीला आणि संगोपनगृहाला पैसा मिळू लागला, महारेशीम अभियानाच्या गाड्या गावोगाव फिरल्या. ऊर्ध्व वर्धेच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेताला लागतं अशा काहींनी एकर-दोन एकर तुती लावून पाहिली. काहींची जमली. काहींनी दोन वर्षांत उपटून परत संत्रा लावला. ही दुसरी गोष्ट यशोगाथांत येत नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

शेड एकदा आतून पाहिल्याशिवाय रेशमाचा धंदा करू नये, असं माझं मत आहे. मी पहिल्यांदा गेले ती कुऱ्ह्याकडच्या एका शेतात. ऑटोवाला सोबत होता, गालात खर्रा. दारातच शेतकऱ्याच्या बायकोनं त्याला हात आडवा लावला. “खर्रा खाऊन आंदर नोका येऊ भाऊ. तंबाखूनं अळी मरते.” तो हसला, म्हणाला, “मी त रोज खातो वहिनी, मले तं काई झालं नाई.” ती म्हणाली, “माणसाले मराले टाइम लागते. अळीले नाई लागत.” मला चपला बाहेर काढायला लावल्या, चुन्याच्या पट्ट्यावरून चालवलं, हात धुऊन घेतले, मग आत घेतलं.

आत तिसऱ्या मोल्टनंतरच्या अळ्या होत्या. अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते आणि त्या प्रत्येक वेळी दिवसभर मान वर करून गप्प बसते. त्याला ही मंडळी ‘मोल्टवर बसली’ म्हणतात. मोल्टवरून उठली की खाण्यावर तुटून पडते. त्या खाण्याचा आवाज पावसासारखा असतो असं सगळे लिहितात. मला तो वाळल्या पऱ्हाटीतून वारा जातो तसा वाटला. शेवटच्या आठवड्यात अळी जन्मभराच्या खाण्यातलं बहुतेक सगळं खाऊन घेते. तेव्हा पहाटे पाला, दुपारी पाला, रात्री अकराला पाला. सातबारा नवऱ्याच्या नावावर, अनुदानाचं खातं नवऱ्याच्या नावावर, पाल्याचा भारा बाईच्या डोक्यावर. आपल्या मालाच्या पट्टीवर ‘शेतकऱ्याकडून थेट’ असं छापणाऱ्यांनी तो ‘शेतकरी’ शब्द लिहिताना एक क्षण थांबावं. पुस्तिकेतल्या नमुना नोंदवहीत पैसे कोणाच्या खात्यावर गेले यासाठी वेगळा रकाना ठेवलाय, त्याचं कारण हा भारा.

त्या शेतकऱ्याच्या बायकोनंच मला त्यांची बुडालेली बॅच सांगितली. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं कापसावर फवारा मारला, वारा इकडचा होता, दुसऱ्या दिवशीचा पाला अळ्यांनी खाल्ला आणि हिरवं ओकत रॅकवरच लोळल्या. चाळीस हजारांवर अळ्या टोपल्यांनी भरून खड्ड्यात घातल्या. शेजाऱ्याशी भांडण झालं का, असं विचारलं तर म्हणाली, “भांडून काय करतं? त्याच्या कापसाले अळी लागली, तं त्याची बी पोरं हायेतच.” २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशानं ते वाचलं. तुतीच्या शेडमध्ये ते विष कितीतरी आधी आणि कितीतरी कमी मात्रेत कळतं. तुतीवाला शेतकरी रासायनिक फवाऱ्याला घाबरतो तो निसर्गप्रेमानं नव्हे, घाबरावंच लागतं म्हणून. तेव्हा ‘आमचं रेशीम विषमुक्त’ ही आपली जाहिरात त्याच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे ध्यानात असू द्या.

आता हिशेब. एक साधा हातमागाचा स्कार्फ घ्या, तयार वजन साठ ग्रॅम. रेशमाच्या कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. साबणाच्या पाण्यात उकळून तो काढला की वजन साधारण चौथ्या हिश्शानं घटतं, म्हणजे साठ ग्रॅमसाठी कच्चा धागा लागला ऐंशी ग्रॅम. चांगल्या दुबार जातीच्या कोषांतून एक किलो धागा काढायला सात किलो कोष धरा, म्हणजे या स्कार्फाला साडेपाचशे ग्रॅमच्या वर कोष लागले. मोजून पाहिले तर तीनशेच्या आसपास भरतात. तेवढ्या अळ्यांनी खाल्लेला पाला नऊ-दहा किलो. कोषाला किलोमागे पाचशे रुपये मिळाले असं समजा, तर शेतकऱ्याच्या घरात गेले दोनशे ऐंशी. स्कार्फ दोन हजाराला विकला तर शेकडा चौदा. कमी की जास्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी गिऱ्हाइकाला हा आकडा सांगते तेव्हा काही जण गप्प होतात, काही जण म्हणतात, मग दोन हजार कशाला घेता? दोन्ही बरोबरच आहे.

याच हिशेबाचं दुसरं टोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शंभर अंडीपुंजांची एक बॅच व्यवस्थित निघाली तर साठ-पासष्ट किलो कोष होतात. त्यातून नऊ किलोच्या आसपास धागा, आणि विणताना जाणारं धरूनही शंभरेक स्कार्फ. माझ्यासारखीचा वर्षभराचा स्कार्फांचा धंदा म्हणजे एका शेतकरी जोडप्याची एक बॅच! मोठ्या कंपनीला आपला धागा कोणत्या शेडमधला हे शोधायला माणसं नेमावी लागतात, बाहेरचे तपासनीस आणावे लागतात. आपल्याला ऑटोनं जाऊन येता येतं. लहान असण्याचे तोटे आपण रोज भोगतो, हा एक फायदा मात्र आपण सहसा वापरत नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून लडी आणायची आणि विचारायचं नाही, हे सोपं पडतं.

व्यापाऱ्याला कोषाचा तो आठवडा पाठ असतो. शेतकरी पोती घेऊन बाजारात आला की परत नेणार नाही, हे त्याला माहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत कोषाचे भाव पार कोसळले, पुढच्याच वर्षात चढले. कापूस असता तर घरात भरून ठेवला असता. कोष कसा ठेवणार? यावर एकच उपाय, कोष वाळवणं. गरम हवेच्या यंत्रात कोष वाळवला की आतला जीव मरतो, ओल जाते आणि कोष महिनोन्महिने टिकतो. मग शेतकरी कापसासारखा दराची वाट पाहू शकतो. म्हणजे आतल्या किड्याला मारण्याची जी क्रिया शहरातल्या गिऱ्हाइकाला सर्वांत क्रूर वाटते, तीच शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा थोडं बळ देते. किड्याची दया आणि शेतकऱ्याचा न्याय इथं एकमेकांच्या आड येतात. ‘इथिकल’ या शब्दात दोन्ही एकाच टोपलीत घातलेले असतात, पण ते एका टोपलीत राहत नाहीत.

माझा कौल शेतकऱ्याच्या बाजूनं आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना तो पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. अमरावतीची माझी दोन-तीन जैन गिऱ्हाइकं रेशीम घेतच नाहीत, माझ्याकडून सुती बटवे नेतात, आणि मला त्यांचा तो सरळपणा आवडतो. अडचण आहे ती किडा मेला हे लपवून विकण्याची. माझ्या आजीचा एक जांभळा रेशमी मुकटा होता, पूजेच्या दिवशीच निघायचा. सुती लुगडं विटाळतं, रेशीम विटाळत नाही, असं ती सांगायची. जीव उकळून काढलेला धागा देवघरात सोवळा आणि झाडाच्या बोंडाचा कापूस ओवळा, हे कसं, असं मी विचारलं तेव्हा मला कोनाड्यातलं हळद-कुंकू आणायला पिटाळण्यात आलं. कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात. रुक्मिणीच्या माहेरचं गाव. तिथं देवीला रेशमी साडी नेसवताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. फोनवरचं गिऱ्हाईक विचारतं, तर त्यात रागावण्यासारखं काही नाही.

या प्रश्नाला बाजारानं शोधलेलं उत्तर म्हणजे ‘अहिंसा सिल्क’. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांपासून कापड करायला १९९० च्या दशकात सुरुवात केली, पुढं त्याचं पेटंटही घेतलं. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण तो शब्द आज ज्याच्या-त्याच्या पट्टीवर चिकटलाय, म्हणून तुतीच्या पतंगाचं पुढं काय होतं ते माहीत असावं. हजारो वर्षं माणसाच्या घरात वाढलेला हा पतंग उडू शकत नाही, त्याला खाता येत नाही. मिलन होतं, मादी चारपाचशे अंडी घालते, थोड्या दिवसांत दोघं मरतात. त्या प्रत्येक अंड्यातून अळी निघाली तर तिला तुती कोण घालणार? शिवाय बियाण्याच्या केंद्रात अंडी घालून झालेल्या मादीला खलबत्त्यात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावंच लागतं. फ्रान्समधल्या रेशीम शेतकऱ्यांना पेब्रिन या रोगानं देशोधडीला लावलं, तेव्हा लुई पाश्चरनं १८६५ नंतरच्या चार-पाच वर्षांत ही तपासणी बसवून दिली. आई रोगी असेल तर तिची अंडी जाळायची. आजही निरोगी अंडीपुंज याच मार्गानं मिळतात. तेव्हा तुतीचं रेशीम पूर्ण अहिंसक असू शकत नाही, हे एकदा मान्य करावं. भोक पडलेल्या कोषांचं कातलेलं, जाडंभरडं मटका रेशीम मला स्वतःला फार आवडतं, त्याची पोटली सुंदर होते. पट्टीवर मी ‘मटका’ लिहिते, ‘अहिंसा’ लिहीत नाही.

एरी नावाच्या रेशीम-अळीची गोष्ट थोडी वेगळी. तिचा कोष एका बाजूनं उघडाच असतो, पतंग धागा न तोडता निघून जातो. अळी वाढते एरंडाच्या पानांवर, आणि नावातच तो एरंड आहे. पण आसामात, जिथली ती मूळची, तिथं कोषातला कोशित किडा लोक आवडीनं खातात. ते त्यांचं अन्न आहे, त्यात लाज कसली? आपण मात्र त्याच धाग्याला ‘शाकाहारी रेशीम’ म्हणून चढ्या दरानं विकायचं, हे काही खरं नाही.

विदर्भाचं खरं जुनं रेशीम म्हणजे कोसा, टसर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ते पिकतं. ढिवर समाजाची माणसं अळ्या झाडावर सोडतात आणि पाखरांपासून राखत झाडाखाली बसून राहतात. भंडाऱ्याकडच्या कोष्ट्यांची करवतकाठी त्याच धाग्याची, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. उरलेल्या तुकड्यांचे बटवे मी करते आणि ते सगळ्यांत आधी संपतात. टसरबद्दल एकच गोष्ट खटकते, ती सांगते. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, बिहार या पट्ट्यात कित्येक पिढ्या बायांनी टसरचा धागा उघड्या मांडीवर वळून काढला. कातडी सोलवटायची, जखमा व्हायच्या, दिवसभर पाय मुडपून बसायचं. केंद्रीय रेशीम मंडळानं ‘बुनियाद’ नावाची यंत्रं देऊन ही पद्धत बंद करायला घेतली, ती गेल्या दहा वर्षांत. दुकानात ‘हाताने काढलेला धागा’ असं वाचलं की गिऱ्हाईक भारावतं. मला आधी विचारावंसं वाटतं, हातानं की मांडीनं? यंत्रावरचा धागा एकसारखा, कमी ‘हस्तकलेचा’ दिसतो. मी तोच घेते.

कर्नाटकातल्या रीळ काढण्याच्या कारखान्यांत आणि वाराणसी, कांचीपुरमच्या मागांवर वेठीनं राबणाऱ्या मुलांवर ‘ह्यूमन राइट्स वॉच’नं २००३ साली अहवाल काढला होता. उकळत्या पाण्यातून धाग्याचं टोक शोधणारी ती बोटं कोणाची आहेत, हे विचारायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. विचारल्यावर व्यापारी चिडला, तर तेही एक उत्तरच.

सिल्क मार्कबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, म्हणून थोडक्यात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ साली आलेली ती खूण धागा अस्सल रेशमाचा आहे एवढं सांगते. कोणाला किती पैसे मिळाले ते ती सांगत नाही, सांगायचा तिचा दावाही नाही. पण तेवढं तरी आधी हवं. मी ते न पाहता एकदा तोंडघशी पडले. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून ‘शुद्ध’ म्हणून आणलेल्या कापडाचे चाळीस स्कार्फ केले, अमरावतीच्या प्रदर्शनात मांडले. एका निवृत्त शिक्षिकेनं स्कार्फ उलटसुलट केला, कडेचा एक आडवा धागा ओढला, पर्समधून काडेपेटी काढली आणि माझ्यासमोर पेटवला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. त्यांच्या बोटांत काळा कडक मणी उरला. “बाळा, उभा धागा रेशमाचा आहे, आडवा नाही,” एवढंच म्हणाल्या, स्कार्फ घडी करून ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्या दिवशी विकलेल्या सातांपैकी पाच जणांचे फोन माझ्याकडे होते, त्यांचे पैसे परत केले. दोघांचे नव्हते. त्यानंतर मी पावतीशिवाय काही विकत नाही आणि काडेपेटी माझ्याच टेबलावर असते.

आता घरातलं. बाहेरच्या अन्यायावर बोलणं सोपं, स्वतःच्या दोन खोल्यांतल्या मजुरीवर बोलणं जड जातं. गोंडे बांधायला, कडा वळून हातशिलाई करायला आपण नगावर पैसे देतो, आणि नगाचा दर बहुतेकदा अंदाजानं ठरलेला असतो. मी एक दिवस घड्याळ समोर ठेवून स्वतः बसले. बायांच्या हिशेबानं एका स्कार्फाला ‘घंटाभर’ लागायचा. मला लागले दोन तास दहा मिनिटं, आणि सवयीच्या हाताला दीड. त्या दरानं आठ तासांची मजुरी कापूस वेचणाऱ्या बाईच्या रोजापेक्षा खाली पडत होती. सावलीत बसायचं काम आहे म्हणून कमी, हा युक्तिवाद मी काही वर्षं मनाशी करत होते. दर वाढवला, मालाची किंमत वाढली, दोन दुकानदार सुटले.

वेचणीवरून आणखी एक. दसरा-दिवाळीला आपल्या मालाला सर्वांत जास्त मागणी, आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी. त्या दिवसांत बाया येत नाहीत. पूर्वी मी चिडायचे, घरी निरोप धाडायचे. रोख पैसा, स्वतःच्या शेतातला कापूस, धाकट्या बहिणीच्या शेतात फेडायचा इरजिक, यापुढं माझा बो काय महत्त्वाचा? आता दिवाळीचा माल पोळ्याच्या आधी तयार करते आणि त्यानंतर आलेली मोठी मागणी घेत नाही. मोझरी इथून जवळच. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत श्रमसंपत्तीवर अख्खा अध्याय आहे, आणि तो इथल्या पुष्कळ घरांत वाचलाही जातो. पण गावच्या श्रमाचं वेळापत्रक पुण्याच्या दुकानदारानं ठरवू नये, हे मला पोथीतून नव्हे, ओस पडलेल्या त्या दोन खोल्यांतून कळलं.

रंगांबद्दल फार लिहीत नाही, त्यातल्या जाणत्यांनी पुढं लिहिलंच आहे. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, पळसाचाही टिकत नाही, हे गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगावं, नंतर नाही. तुरटीचं पाणी मोरीत ओतताना ती मोरी कुठं जाते, तेही एकदा चालत जाऊन पाहावं.

शेवटी पुस्तिका कशी वापरायची ते सांगते. हिच्यात कोष, धागा, विणाई, गोंडे, शिलाई या सगळ्यांच्या दरांचे तक्ते आहेत, पण आकड्यांच्या जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्यात. छापलेला दर सहा महिन्यांत खोटा ठरतो. आपल्या भागातला दर स्वतः विचारून तिथं लिहा, तारीख घाला, आणि पेन्सिलीनं लिहा.

तिवसा